नॅन्सी हँक्स कोणती? लिंकनच्या आजोळाचा शोध आणि तीन पुस्तकं

अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या सुरुवातीच्या वसाहतकरी कुटुंबांच्या वंशावळी जुन्या कागदांवरून कशा लावल्या जातात, हा आजचा विषय. विषय अवाढव्य आहे. म्हणून आपण एकच घराणं घेऊ आणि त्याचीही एकच बाजू पाहू: अब्राहम लिंकन यांचं आजोळ. या आजोळाविषयी तीन महत्त्वाची पुस्तकं आहेत. कॅरोलिन हँक्स हिचकॉक यांचं १८९९ चं, लुई वॉरन यांचं १९२६ चं आणि विल्यम बार्टन यांचं १९२९ चं. प्रश्न एकच, लिंकनची आई नॅन्सी हँक्स ही कोणाची मुलगी? उत्तरं मात्र तीन. असं का झालं, हे आज तपासायचं आहे.

आधी वडिलांची बाजू थोडक्यात सांगतो, म्हणजे फरक कळेल. सॅम्युएल लिंकन हा इंग्लंडमधून १६३७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅमला आला. त्याच्यापासून मोजलं तर राष्ट्राध्यक्ष लिंकन सातव्या पिढीत येतात. मधल्या पिढ्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी अशा सरकत गेल्या. गंमत बघा, खुद्द लिंकन यांना ही साखळी माहीत नव्हती. १८४८ साली त्यांनी हिंगहॅमच्या एका लिंकन आडनावाच्या गृहस्थांना पत्रोत्तरं लिहिली, तेव्हा आजोबांच्या पलीकडचं त्यांना फारसं सांगता आलं नाही. तरीही ही साखळी पुढे जुळली. कशामुळे? जमिनीमुळे. पुरुष जमीन घेतो, विकतो, मुलाच्या नावे करतो आणि प्रत्येक वेळी कागद होतो.

या कागदांनी माणसाची किंमतही बदलते. लिंकनचे आजोबा १७८६ साली केंटकीत शेतात काम करताना मूळनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि तिथल्या कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाला जायची. धाकटा थॉमस, म्हणजे लिंकनचे वडील, रिकाम्या हाताने राहिला. पुढे चरित्रकारांनी या थॉमसला आळशी, निरुद्योगी ठरवून टाकलं. वॉरन यांनी केंटकीतल्या काउंटी कचेऱ्यांमधली करवसुलीची पुस्तकं आणि खरेदीखतं पालथी घातली आणि दाखवून दिलं की हा माणूस कर भरत होता, १८०३ साली त्याने २३८ एकर जमीन घेतली होती, पंच म्हणून न्यायालयात बसत होता. लिंकन घराण्याच्या अभ्यासातलं हे फार मोठं काम आहे.

आता आजोळ. इथे कागद एकदम विरळ होतात. नॅन्सीचा जन्म १७८४ चा मानतात. केंटकीची १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांची मूळ पत्रकं नष्ट झाली आहेत, म्हणजे तिचं बालपण आणि तरुणपण दोन्ही त्या मोठ्या भोकात गेलं. आणि पत्रकं असती तरी काय? १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीचे म्हणजे नुसते आकडे. त्याच काळातल्या मृत्युपत्रांत गुलाम केलेली माणसं आडनावाशिवाय, गुराढोरांच्या शेजारी नोंदवलेली दिसतात. म्हणजे कागद सगळ्यांचा सारखा होत नव्हता, हे कायम लक्षात ठेवायला हवं.

वादाची सुरुवात झाली १८८९ साली. लिंकनचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी चरित्र प्रसिद्ध केलं आणि त्यात सांगितलं की, आपली आई ही ल्युसी हँक्स आणि व्हर्जिनियातला एक जमीनदार यांची विवाहबाह्य मुलगी होती, असं लिंकन त्यांच्याजवळ एकदा बोलले होते. झालं, मोठी खळबळ माजली. दहा वर्षांनी हिचकॉकबाईंचं पुस्तक आलं, ते एका अर्थाने याला उत्तर होतं. त्यांच्या हाती एक अस्सल कागद होता: केंटकीच्या नेल्सन काउंटीतलं जोसेफ हँक्सचं १७९३ चं मृत्युपत्र. त्यात मुलांना एकेक घोडा आणि मुलींना एकेक कालवड ठेवलेली आहे. मुलींत एक नाव आहे नॅन्सी. मग बाईंनी निष्कर्ष काढला की हीच लिंकनची आई. औरस मुलगी, बापाच्या मृत्युपत्रात नावानिशी!

कागद खरा, नाव खरं, निष्कर्ष मात्र खोटा. कारण हँक्स घराण्यात नॅन्सी एक नव्हती. मृत्युपत्रातली नॅन्सी ही डेनिस हँक्सची आई, जी पुढे लेव्ही हॉलची बायको झाली. ती लिंकनच्या आईची मावशी. वॉरन आणि बार्टन यांचं एकमेकांशी फार पटत नव्हतं, पण या एका मुद्द्यावर दोघांनीही हिचकॉकबाईंना खोडून काढलं. त्या काळात आजी, मावशी, पुतणी यांना एकच नाव ठेवण्याची रीत होती. म्हणून नुसतं नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही. वय, नवरा, मुलं, शेजारी, सगळं जुळावं लागतं. मृत्युपत्र शोधून लोकांसमोर आणलं, हे श्रेय बाईंचंच. पण उत्तर आधी ठरलं आणि कागद नंतर वाचला गेला, असं आम्हाला स्पष्ट दिसतं.

वॉरन यांनी तरी वेगळं केलं का? थॉमसच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले वॉरन ल्युसीपाशी आले आणि सैल झाले. त्यांच्या मते ल्युसी ही मूळची शिपली, जेम्स हँक्सची विधवा, म्हणजे नॅन्सी औरसच. पण ते लग्न झाल्याचा कागद ते दाखवू शकले नाहीत. जमिनीसाठी खरेदीखत मागणारा संशोधक अब्रूसाठी तर्कावर भागवतो, याला काय म्हणावं?

बार्टन म्हणाले, ल्युसी ही जोसेफ हँक्स आणि अ‍ॅन ली यांचीच मुलगी आणि नॅन्सी तिला लग्नाआधी झालेली. आधाराला त्यांनी मर्सर काउंटीतली १७८९ ची नोंद दिली. त्यात ल्युसीवर व्यभिचाराचा आरोप आहे. इथेही थांबायला हवं. आरोप म्हणजे शाबिती नव्हे. शिवाय नॅन्सी १७८४ ची, आरोप १७८९ चा. तो कागद नॅन्सीच्या जन्माबद्दल काहीच सांगत नाही. बार्टन यांनी त्यावर पेलणार नाही इतका भार टाकला. त्यांचा निष्कर्ष मात्र बराचसा टिकला. २०१५ साली मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा अभ्यास झाला. हा डीएनए आईकडून लेकीकडे, तिच्याकडून तिच्या लेकीकडे असा येतो. ल्युसी ही अ‍ॅन लीचीच लेक, या बाजूने तो गेला आणि शिपलींचं मत मागे पडलं. पण नॅन्सीचे वडील कोण, याचं उत्तर हा डीएनए देऊच शकत नाही. विज्ञान आलं म्हणून सगळे प्रश्न मिटले, असं कोणी म्हणालं तर मानू नका.

कागद कुठे शोधायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. खुद्द लिंकन यांच्या आईवडिलांचं लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबुज कित्येक वर्षं चालली. का? तर हार्डिन काउंटीच्या दप्तरात नोंद सापडेना. नोंद होती, पण वॉशिंग्टन काउंटीत! कारण नॅन्सी तिथे बेरी कुटुंबाकडे राहायची. लिंकन यांच्या मृत्यूनंतर ती उजेडात आली: लग्न १२ जून १८०६, आणि त्याआधीचं पन्नास पौंडांचं हमीपत्र. त्यावर थॉमसबरोबर रिचर्ड बेरीची सही आहे आणि पुढे चुकीच्या स्पेलिंगने ‘पालक’ असं लिहिलंय. एका शेजारच्या काउंटीत कोणी गेलं नाही, म्हणून एका बाईवर इतकी वर्षं डाग राहिला.

आता आमचा मुख्य आक्षेप. मर्सर काउंटीतच १७९० चा एक छोटा कागद आहे. ल्युसीने हेन्री स्पॅरोशी लग्न करताना दिलेलं संमतिपत्र. मी सज्ञान आहे आणि माझी राजीखुशी आहे, अशा अर्थाचं, खाली तिचं नाव. स्पेलिंग वेडंवाकडं, पण शब्द तिचे. या सगळ्या गठ्ठ्यात बाईने स्वतःच्या वतीने बोललेला असा कागद शोधूनही क्वचितच सापडेल. तिन्ही पुस्तकांचं लक्ष मात्र एकाच प्रश्नावर खिळलेलं: औरस की अनौरस? लिहिता येणारी, सीमेवरच्या त्या रानवट मुलखात स्वतःचं लग्न स्वतः ठरवणारी ही बाई कोण होती, हे विचारायला कोणाला सवडच झाली नाही. लिंकनना आजोबा मिळवून देण्याच्या नादात आजी हरवली.

तुमच्यापैकी काहीजण घराण्याचे कागद शोधत असाल. मग प्रत्येक कागदाला आधी विचारा, तू कशासाठी लिहिला गेलास? करासाठी, जमिनीसाठी, आरोपासाठी की संमतीसाठी? तो ज्यासाठी लिहिला गेला, तेवढ्यापुरती त्याची साक्ष घ्या. बाकीची जागा कोरी राहत असेल तर ती कोरी ठेवा, पूर्वजांच्या अब्रूसाठी भरू नका. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.