भिंत नाही, नियम ढकला

२०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय होता ‘नॉट देअर’. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने त्यावर दोन दिवसांत ‘बाबा इज यू’ हा कोड्यांचा छोटा गेम केला आणि स्पर्धा जिंकली. ग्राफिक्स म्हणाल तर अगदीच साधे. गंमत अशी की गेमचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी समोर मांडलेत: ‘वॉल इज स्टॉप’. यातला एक ठोकळा ढकलला की भिंत अडवतच नाही, आपण आरपार! पहिल्यांदा खेळताना मी कितीतरी वेळ भिंतीला वाट शोधत बसलो. नियम डोळ्यांसमोर होता, पण तो बदलता येतो हे सुचलंच नाही.

जॅममध्ये वेळ कमी, म्हणून प्रश्न एकच: नियमच हलवता आले तर? २०१९ ला पूर्ण गेम आला, दोनशेहून जास्त लेव्हल्सचा. तोही उत्तमच आहे, पण नवनवे शब्द येत जातात तसा पुढे शोधाचा आनंद कमी आणि हिशेब जास्त होतो, असं माझं मत. (माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचंही तेच झालं होतं. सातपैकी पाच उद्दिष्टं गाइडने खोडली, तेव्हा रागच आला होता.)

जॅमची आवृत्ती इच डॉट आयओवर फुकट मिळते. आधी ती खेळा, मग सिनॉप्सिस उघडा.