नेटवर्क ड्रायव्हरमधील ऊर्जा-व्यवस्थापन : एक चिकित्सा

लिनक्समध्ये २००९ साली, २.६.३२ या आवृत्तीत, आलेली 'रनटाइम पीएम' ही व्यवस्था वापरात नसलेले उपकरण निद्रिस्त करून वीज वाचवते. वापराची गणती शून्यावर आल्यावरच उपकरण निद्रिस्त होते. मात्र त्याला जागे करणारे 'पीएम रनटाइम गेट सिंक' हे फंक्शन अपयशी ठरले तरी गणती वाढवते. अपयश म्हणजे काहीच घडले नाही, ही प्रोग्रामरची समजूत स्वाभाविक होय. परंतु त्यामुळे गणती शून्यावर येत नाही व ऊर्जाबचतीचा हेतूच विफल होतो. 'एफईसी' या इथरनेट ड्रायव्हरमध्येही हीच चूक आढळली. अपयशानंतर गणती पूर्ववत करणारे 'रिझ्यूम अँड गेट' हे फंक्शन २०२० मध्ये आले. एकच चूक अनेकांच्या हातून वारंवार घडते, तेव्हा दोष प्रोग्रामरपेक्षा रचनेचा मानावा लागतो.