डेटा उतरवणारा सर्व्हर : प्रोसेसर शेवटी बघा

विभागासाठी सर्व्हर घ्यायचा ठरला की कोटेशनमध्ये पहिली चर्चा होते ती प्रोसेसरच्या कोअरची. मॉडेल चालवायचं असेल तर ते ठीक. पण ज्या मशीनचं काम चोवीस तास बाहेरून येणारा डेटा उतरवून घेणं आहे, तिथे ही सुरुवातच चुकते.

हवामानाचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या युनिडेटाचं 'एलडीएम' हे सॉफ्टवेअर वापरून अनेक विद्यापीठं उपग्रह, रडार आणि मॉडेलचा ताजा डेटा मिळवतात. आलेला डेटा आधी एका ठराविक आकाराच्या रांगेत जातो. रांग भरली की सर्वांत जुना भाग पुसला जातो. तोवर तो डिस्कवर लिहून झाला नसेल, तर तुमच्याकडून तो गेला. ही रांग रॅममध्ये मावली नाही तर सगळंच रखडतं. म्हणून पैसे आधी रॅमवर घाला.

आता डिस्क. समजा, ताशी २० जीबी डेटा येतो. म्हणजे दिवसाला ४८० जीबी, महिन्याला साधारण १४.४ टीबी. सेकंदाला जेमतेम साडेपाच एमबी. साध्या हार्ड डिस्कलाही हे जड नाही. मग अडतं कुठे? फाइलींच्या संख्येत. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरेच मारते. हजारो बारीक फाइली वेगवेगळ्या जागी लिहायला लावल्या की तिचा दम निघतो. त्यामुळे येणारा डेटा एसएसडीवर घ्या आणि जुना हार्ड डिस्कवर हलवा.

'रेड आहे, मग बॅकअप कशाला?' हे वाक्य तर हमखास ऐकाल. रेड ६ मध्ये दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो, हे खरं. पण चुकून पुसलेली फाइल रेड इमानदारीत पुसूनच टाकतो. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्याच स्क्रिप्टमध्ये घोळ झाला आणि सुमारे ७७ टीबी डेटा पुसला गेला. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यातल्या चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. कुणाच्या तरी पीएचडीची वर्षं त्यात असू शकतात.

तेव्हा कोटेशन मागवण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा : ताशी किती डेटा, किती फाइली आणि किती दिवस ठेवायचा. दुसरी प्रत कुठल्या वेगळ्या मशीनवर असेल, तेही लिहा. प्रोसेसरचं नंतर बघू.