बर्गी आणि शिवाजी : बंगाली मनातील दोन महाराष्ट्र

बंगाली राष्ट्रभावनेच्या इतिहासात महाराष्ट्राला दोन परस्परविरोधी स्थाने लाभली आहेत. मुलांना निजविताना ज्याचा धाक घातला जाई तो ‘बर्गी’, म्हणजे आपला बारगीर, हे एक. आणि १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ या कवितेत गौरविलेला शिवाजी, हे दुसरे. पहिल्याची लाज आणि दुसऱ्याचा अभिमान बाळगून मोकळे होण्याकडे आपला कल असतो. परंतु चोरखमाऱ्यासारखी वैनगंगेच्या खोऱ्यातील गावे ज्यांच्या राज्यात होती, त्या नागपूरकर भोसल्यांच्याच या स्वाऱ्या असल्याने विदर्भातील अभ्यासकाला तरी हा प्रश्न परका मानता येणार नाही.

गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ आपण बहुधा पुरावा म्हणूनच वाचतो : किती गावे जळाली, कोण कोठून पळाला. ते काव्य म्हणून वाचले तर वेगळेच काही हाती लागते. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शिव नंदीकरवी शाहूराजाच्या मनात प्रेरणा उत्पन्न करतो; म्हणजे आरंभी मराठे हे देवाचे शासन आहेत. पुढे ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांचा छळ होताच देवी भास्करपंतांवर कोपते आणि १७४४ मध्ये त्यांचा वध घडतो. हे भास्करपंत १७४२ साली कटव्यानजीक दुर्गापूजा मांडून बसले असता अलिवर्दीखानाने त्यांच्यावर छापा घातला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे कवीच्या रचनेतील धार कळते. धर्म एक असल्याने आक्रमक आपला ठरत नाही, हा गंगारामाचा निवाडा आहे. १७५१ च्या तहात बारा लाखांची चौथाई ठरली. त्या आकड्यामागची माणसे या काव्यातच भेटतात.

मग दीडशे वर्षांनी शिवाजी बंगालचा झाला कसा? याचे श्रेय बऱ्याच अंशी सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांना द्यावे लागते. देवघर परिसरात जन्मलेल्या, मराठी घरातल्या या पत्रकाराने बंगालीत लेखन केले. रवींद्रनाथांची उपरिनिर्दिष्ट कविता त्यांच्याच ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसोबत प्रसिद्ध झाली. त्यांचा ‘देशेर कथा’ (१९०४) हा ग्रंथ मात्र वीरपूजेचा नव्हे. दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांच्या विचारपरंपरेतील हे संपत्तीच्या अपहाराचे विवेचन सरकारने १९१० मध्ये जप्त केले.

प्रस्तुत लेखकास यातील ‘देश’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण वाटतो. मराठीत तो कोकणाहून निराळा घाटमाथ्यावरील मुलूख सुचवितो. बंगालीत आपले मूळ गावही ‘देश’च. देउस्करांनी तो दोन्ही अर्थांपलीकडे नेला. बर्गीची आठवण त्यांनी पुसली नाही, पुसता येणारही नव्हती. लुटारू कोण, हा प्रश्नच त्यांनी चौथाईकडून साहेबाच्या करवसुलीकडे वळविला. ही युक्ती राजकीयदृष्ट्या प्रभावी खरी. पण तिच्यामुळे गंगारामाचा सवाल अनुत्तरित राहिला, आणि तो सवाल आपल्याला उद्देशून आहे.