कबुली कुणापुढे?

मुनव्वर शाह याचे ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ हे आत्मकथन येरवडा तुरुंगात लिहिलेले आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चार गुन्हेगारांपैकी तो एक. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांनाही फाशी झाली. मुनव्वरचे नाव निघाले की आपण मुसलमान अवघडतो. वास्तविक जक्कल, सुतार, जगताप आणि शाह यांना जोडणारा धागा धर्माचा नव्हता, एका कला महाविद्यालयाचा होता.

पहिला बळीही त्याच महाविद्यालयातला. जानेवारी १९७६ मध्ये ओळखीच्या मुलाने बोलावले म्हणून प्रकाश हेगडे त्याच्याबरोबर गेला. मार्च १९७७ मधला शेवटचा बळी, अनिल गोखले, हा कॉलेजातल्या मित्राचा भाऊ. तो ओळखीच्याच मोटारसायकलवर बसला. मधल्या काळात जोशी आणि अभ्यंकर या दोन घरांतली आठ माणसे मारली गेली. शहर कितीही मोठे असो, माणूस राहतो तो वर्ग, कट्टा, मोहल्ला अशा लहानशा जगात. तिथे तो अनोळखी माणसाला घाबरतो, ओळखीच्याला दार उघडतो. हाबील-काबीलच्या किश्शातही मारणारा सख्खा भाऊच होता.

म्हणून हे पुस्तक वाचताना मला दुसरा एक मजकूर आठवत राहतो. मारण्यापूर्वी हेगडेकडून वडिलांच्या नावे जबरदस्तीने चिठ्ठी लिहून घेतली होती : मी घर सोडून जातो आहे. मारणाऱ्याला स्वतःच्या शब्दांत पुस्तक लिहिता आले. मरणाऱ्याची शेवटची ओळसुद्धा त्याची स्वतःची नव्हती.

गुन्हेगाराच्या प्रत्येक आत्मकथनाची मर्यादा इथेच आहे. गुन्हा कबूल करायला हिंमत लागते, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल-इबाद असा फरक केला जातो. अल्लाहचा हक्क तौबेने माफ होऊ शकतो. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो. इथे ज्याचा हक्क तो तर हयात नाही. मग वाचकापुढे दिलेली कबुली कितीही प्रामाणिक असली तरी तिने तो हक्क अदा होत नाही. आणि वाचकाने परस्पर माफी देऊन टाकणे हीही हक्कतल्फीच.

‘मुनव्वर आपला की परका?’ हा प्रश्न म्हणूनच मला गैरलागू वाटतो. वर्गात रोज हजेरी घेताना एकाच बाकावरची दोन नावे मी एकापाठोपाठ पुकारतो. मुनव्वरचे पुस्तक जरूर वाचावे, मात्र हेगडेचे नाव शेजारी ठेवून.