प्राचीन संगीत आणि हौशी वादकांची संस्था : रेकॉर्डर चळवळीची एक चिकित्सा

युरोपात ‘अर्ली म्युझिक’ ही संज्ञा सामान्यतः मध्ययुग, प्रबोधनकाळ आणि बरोक कालखंड यांतील संगीतासाठी वापरली जाते. हे संगीत केवळ जुने आहे म्हणून त्यास स्वतंत्र नाव मिळाले नाही; ते वाजविण्याची परंपरा मध्येच खंडित झाली, हे त्यामागील खरे कारण होय. बंदिश गुरुमुखातून शिष्याकडे येते तेथे परंपरेचा धागा झिजला तरी सहसा तुटत नाही. युरोपात मात्र स्वरलेखन ग्रंथालयात उरले, वाद्ये संग्रहालयात गेली आणि ती वाजवावीत कशी हे सांगणारा कोणी राहिला नाही. ही पोकळी भरून काढण्याचा पुष्कळसा उद्योग विद्यापीठांबाहेर, हौशी मंडळींच्या बळावर झाला. इंग्लंडमध्ये १९३७ साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेयर्स’ ही संस्था या दृष्टीने अभ्यासनीय ठरते.

संस्थेची पार्श्वभूमी अर्नोल्ड डोल्मेच (१८५८–१९४०) यांच्या कार्यात आहे. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये स्थिरावलेले डोल्मेच हे वादक, वाद्यकारागीर आणि संशोधक अशा तिहेरी भूमिकेत वावरले. सतराव्या-अठराव्या शतकांतील संगीताच्या सादरीकरणावरील त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या रचना कशा वाजवाव्यात याचे उत्तर त्या काळातील शिक्षणग्रंथांतच शोधले पाहिजे, ही त्यांची भूमिका. १९१७ नंतर ते हेझलमिअर या गावी राहू लागले आणि १९२५ पासून तेथे त्यांनी वार्षिक महोत्सव सुरू केला. ब्रेसन या कारागिराने घडविलेला त्यांचा जुना रेकॉर्डर १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर हरवला. त्याची मापे त्यांनी टिपून ठेवली होती. त्यांच्या आधारे त्यांनी नवा रेकॉर्डर घडविला. आधुनिक काळातील रेकॉर्डरनिर्मितीला चालना मिळाली ती अशी, एका हरवलेल्या पिशवीमुळे.

रेकॉर्डर म्हणजे शिट्टीसारखे मुख असलेली उभी धरण्याची बासरी. पुढे सात छिद्रे आणि मागे अंगठ्यासाठी एक. फुंकताक्षणी स्वर निघतो, म्हणून नवशिक्याला ती सोपी वाटते. अर्नोल्ड यांचे पुत्र कार्ल डोल्मेच (१९११–१९९७) आणि एडगर हंट यांनी हा गुण ओळखला. हंट यांनी १९३५ पासून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये रेकॉर्डरचे अध्यापन केले. पुढे संस्थेच्या उभारणीत या दोघांचा प्रमुख वाटा होता. गावोगावच्या शाखांत ठरावीक दिवशी जमावे, निरनिराळ्या आकारांचे रेकॉर्डर घेऊन एकत्र वाजवावे, नवशिक्याने जाणत्याशेजारी बसावे, असे तिच्या कार्याचे साधे स्वरूप. १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे अशीच संस्था सुझान ब्लॉक यांनी स्थापन केली. त्याही अर्नोल्ड डोल्मेच यांच्याकडे शिकल्या होत्या.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रबोधनकाळातील रेकॉर्डरवृंदात सामान्यतः प्रत्येक स्वरपंक्तीस एकच वादक असे. शाखेच्या बैठकीत मात्र एकेका पंक्तीवर अनेक वादक असतात आणि समोर संचालक उभा असतो. ही पद्धत अर्नोल्ड डोल्मेच यांना अभिप्रेत असलेल्या इतिहासनिष्ठेपेक्षा विसाव्या शतकातील समूहगायनाच्या वर्गाला अधिक जवळची आहे. जुन्या रचना अपुऱ्या पडल्या म्हणून चळवळीने नव्याही मागविल्या. लेनॉक्स बर्कले यांची कार्ल डोल्मेच यांच्यासाठी लिहिलेली १९३९ मधील सोनाटिना हे त्याचे उत्तम फळ. ती रेकॉर्डर आणि पियानो यांच्यासाठी आहे, म्हणजे इतिहासात ज्यांची जोडी कधी जमली नव्हती अशा दोन वाद्यांसाठी. ‘अस्सल’ म्हणविले जाणारे सादरीकरण वस्तुतः आधुनिक अभिरुचीचेच अपत्य होय, असे रिचर्ड टारुस्किन यांनी १९९५ च्या आपल्या निबंधसंग्रहात प्रतिपादन केले. हौशी संस्थेला हा आक्षेप व्यावसायिक वृंदांपेक्षाही अधिक लागू पडतो.

तथापि तेवढ्यावर संस्थेला कमी लेखणे अन्याय्य ठरेल. बहुस्वरी रचना श्रोता बाहेरून ऐकतो तेव्हा वरची पंक्तीच त्याच्या कानी भरते. तीच रचना टेनर रेकॉर्डरवर मधली पंक्ती वाजविणाऱ्यास वेगळी ऐकू येते. आपला स्वर कोठे दुसऱ्याला छेदतो, कोठे थांबून त्यास वाट देतो, हे त्याला श्वासातून कळते. हे ज्ञान ध्वनिमुद्रिकेने मिळत नाही, व्याख्यानाने तर नाहीच. दुकानदार, शिक्षक, निवृत्त कारकून अशा माणसांना ते उपलब्ध करून देणे, हे या संस्थेचे खरे शैक्षणिक कार्य मानले पाहिजे. ‘अस्सलते’चा दावा तिने न केलेलाच बरा.

शाळांची कथा मात्र इतकी समाधानकारक नाही. जर्मनीत पीटर हार्लन यांनी १९२० च्या दशकात मुलांच्या सोयीसाठी बोटांची मांडणी बदलली. एक स्वर सोपा झाला, पण त्याच्या शेजारचे बेसूर झाले. इंग्लंडने ही चूक बव्हंशी टाळली, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे स्वस्त रेकॉर्डर आले आणि वर्गातील सारी मुले एकच उंच स्वराचे वाद्य एकाच वेळी फुंकू लागली. प्रसार झाला, प्रतिष्ठा गेली. मुलांनी ते पायरी म्हणून हाती घेतले आणि पुढची वाद्ये दिसताच सोडले. अलीकडच्या दशकांत तर ब्रिटनमधील अनेक शाळांत त्याची जागा युकुलेलेने घेतली. शाखांच्या बैठकीत चार आकारांचे रेकॉर्डर एकत्र वाजतात आणि त्यामुळेच तेथे संगीत घडते. शाळेत केवळ एकच आकार गेला. स्वस्तपणाच्या हिशेबात उरलेल्या तिघांना वगळले गेले, आणि ज्या गोष्टीसाठी हे वाद्य पुन्हा घडविले गेले होते, ती एकत्र वाजविण्याची कला वर्गाबाहेरच राहिली.