आकडा आणि नाव : गावातल्या युद्धस्मारकांचं वाचन

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत फिरताना वेशीजवळ, एसटीच्या थांब्याशी किंवा शाळेच्या आवारात एखादा चौथरा दिसतो. उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर हेल्मेट, कधी जवानाचा अर्धपुतळा, मागे तिरंग्याचे तीन पट्टे. येताजाता आपण नमस्कार करतो आणि पुढे जातो. वाचत मात्र नाही. आज आम्ही ते वाचणार आहोत. पुस्तक वाचावं तसं, म्हणजे काय लिहिलंय, कोणी लिहिलंय आणि काय गाळलंय हे बघत.

सुरुवात दोनशे वर्षं मागे जाऊन करू. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ ला सर थॉमस हिस्लॉपची फौज तिथे पोचली. दरवाजात चकमक झाली, त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर पडले. मग इंग्रजांनी आतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिलं. हे प्रकरण इतकं उघडंनागडं होतं, की खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात त्याची विचारणा झाली. आता या हकिकतीची भाषा बघा. दोन गोऱ्या अधिकाऱ्यांना नाव आणि हुद्दा आहे, किल्लेदाराला नाव आहे, आणि उरलेल्या शिबंदीला काय? 'सुमारे ३००'. एवढंच.

याच युद्धात, थाळनेरच्या जेमतेम दोन महिने आधी, १ जानेवारी १८१८ ला भीमा-कोरेगावची लढाई झाली. तिथल्या स्तंभावर कंपनीने आपल्या मेलेल्या शिपायांचीही नावं कोरली. एकूण ४९, त्यातली २२ नावं '-नाक' ने संपणारी, म्हणजे महारांची. कंपनीला स्वतःच्या विजयाची जाहिरात करायची होती, महारांचा गौरव हा काही तिचा हेतू नव्हता. पण नाव एकदा दगडावर गेलं की ते कोरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या नावांचा अर्थच बदलला. स्तंभावर नुसता '४९' हा आकडा असता तर? शंभर वर्षांनी येऊन 'हे आमचे' असं कोणी कशाच्या आधारावर म्हणालं असतं?

आमचा आजचा मुद्दा हाच आहे. स्मारकाची किंमत त्याच्या उंचीवर नसते, त्यावर हक्क सांगता येतो की नाही यावर असते.

इथे कोणी म्हणेल, वीरगळावर कुठे नाव असतं? बरोबर आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. पण वीरगळ गावातच उभा राहायचा आणि गावाला माणूस माहीत असायचा. ती माहिती पुसली गेली तेव्हा आपण त्याला शेंदूर फासून देव करून टाकलं. दगडाचा आदर वाढला, माणूस हरवला!

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत संगमरवरी पाट्या लावल्या. त्यांचा मजकूर जवळजवळ ठरलेला : या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. रिकाम्या जागा भरा, तसा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली, एका गावाने! ही पाटी कोकणात, साताऱ्याकडे जास्त भेटते. भरतीच्या नकाशावर खानदेश तेवढा ठळक नव्हता.

पाटीवर नावं का नाहीत, याचं उत्तर गावात मिळत नाही, त्यासाठी बसऱ्याला जावं लागतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. कूतच्या वेढ्यात त्या अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या. बसऱ्याला १९२९ मध्ये मोठं स्मारक झालं, चाळीस हजारांवर मृतांचं. त्यात ब्रिटिश शिपायाचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपायाचं मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त संख्याबळ. स्मारकं बांधणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून ही असमान वागणूक मान्य केली. किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन, नोंदलीच गेली नसावीत किंवा त्यांचं स्मारकच झालं नसावं, असं त्यात आहे. म्हणजे गावातली पाटी ही काही स्थानिक कारकुनाची कंजुषी नव्हती. साम्राज्याचं ते धोरणच होतं.

नंदुरबारची गोष्ट अगदी वेगळी. १ जुलै १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होतं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे पोलिसांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. पाच पोरं. सैनिक नव्हेत, पण सगळ्या खानदेशात हे स्मारक लोकांनी खरंखुरं आपलं मानलंय, कारण मरण गावातच झालं, गावासमोर झालं. नावं कोणत्या कार्यालयाकडून मागवावी लागली नाहीत. (आणि शब्दही बघा : बेचाळीसच्या मुलांना 'हुतात्मा', आजच्या जवानाला 'शहीद'. ही वाटणी आपोआप झालीय, कोणी ठरवून केलेली नाही.)

आता आजचा चौथरा. तो एवढा का वाढला? कारगिलच्या आधी आघाडीवर पडलेल्या जवानाचे अंत्यसंस्कार बहुधा तिकडेच उरकत. घरी तार यायची, मग त्याची ट्रंक. १९९९ पासून तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव गावात येऊ लागलं. म्हातारी माणसं अहिराणीत म्हणतात, 'आमना गावना पोऱ्या'. ज्या मैदानात त्याला अग्नी दिला तिथेच मग चौथरा बांधला जातो. १९१९ मध्ये देह आला नाही म्हणून आकडा आला. आता देह येतो, म्हणून नाव आणि चेहरा येतो.

इतकं चांगलं झाल्यावर आमची तक्रार काय? तक्रार मजकुराची आहे. चौथऱ्याजवळ जाऊन दोन्ही फरशा वाचा. उद्घाटनाच्या फरशीवर हस्ते, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, निधी कोणाचा, सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, सगळं तपशीलवार. जवानाच्या फरशीवर नाव, फोटो आणि 'अमर रहे'. कोणती पलटण, कुठल्या ठिकाणी, कसं मरण आलं, आईचं नाव काय, पत्नीचं नाव काय, हे नाही. लढताना गेला, हिमस्खलनात गेला, की खोल दरीत गाडी कोसळून? सैन्याच्या कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' असे वेगळे रकाने असतात आणि घरच्यांची पेन्शन त्यावर ठरते. गाव हा भेद दगडावर येऊ देत नाही. त्यात एक मोठेपणा आहे, हे आम्ही मानतो. पण त्यापायी सियाचेनची थंडी, रस्त्याची अवस्था, हेही सगळं गळून जातं. पुतळ्यांचे चेहरेसुद्धा एकसारखेच होत चाललेत. नाव झाकलं तर कोण ते त्याच्या घरच्यांनाही सांगता येणार नाही.

जुन्या पाटीत निदान एक रुक्ष प्रामाणिकपणा होता. किती गेले आणि किती परतले नाहीत, दोन्ही आकडे ती सांगायची. परतलेल्यांची नोंद आजच्या कोणत्या चौथऱ्यावर आहे?

हे दुरुस्त करता येतं, आणि खर्चही फारसा नाही. युद्धसमाधी आयोगाची यादी आता इंटरनेटवर खुली आहे. बसऱ्याच्या दगडावर जी नावं आली नाहीत, ती तिथे शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो. अडचण लिप्यंतराची आहे. कारकुनाने इंग्रजीत ऐकू आलं तसं लिहिलं, त्यामुळे एकेका गावाची तीन-तीन रूपं सापडतात. पिंपरी नावाची गावं तर आपल्याकडे मोजता मोजता थकाल. नोंदीतली पिंपरी कोणती, ते तलाठ्याचं जुनं दप्तर आणि गावातली आडनावं जुळवूनच कळेल. स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जुनी कागदपत्रं कशी वाचायची, हे धुळ्यात राजवाडे मंडळामुळे कित्येकांना ठाऊक आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या गावात अशी पाटी किंवा चौथरा असेल, त्यांनी दोन्ही फरशांचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट उतरवून आणावा. आता प्रश्न घेऊ.